पोहण्याचा रकाना

माझे वडील पट्टीचे पोहणारे आहेत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांना पोहताना मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. मलकपेठेत पोहणार तरी कुठे, हा मुद्दा होताच. पण हुसेनसागरच्या बोटीतसुद्धा ते बरोबर मधोमध बसत, दोन्ही हातांनी बाक धरून, आणि पाण्याला वास येतो म्हणून नाक वर करत. मी कॉलेजात असताना आम्ही गोव्याला गेलो होतो. तिथे त्यांनी पँट घोट्याच्या वर दुमडली आणि लाट आली की दोन पावलं मागे सरकत राहिले. विचारलं तर म्हणाले, "समुद्राचं पाणी खारट. मी गोड्या पाण्याचा माणूस." आम्ही ते निमूटपणे मान्य केलं.

मान्य करायचं कारण म्हणजे त्यांची गोष्ट. दर वर्षी तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी आमच्या विहारात ते ती सांगत. मराठवाड्यातल्या आमच्या गावात एक मोठी विहीर होती, दगडी पायऱ्यांची. त्या पायऱ्या आपल्या लोकांसाठी नव्हत्या. आपण ओढ्यात झरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायचं. बाबा बारा वर्षांचे असताना एका भर दुपारी, गाव झोपलेलं बघून, त्यांनी त्या विहिरीत उडी घेतली. तीन फेऱ्या मारल्या. वर आले तेव्हा काठावर माणसं उभी होती. पाठीवर आसुडाचा वळ उठला तो आजही आहे, आणि भाषणात इथवर आले की बाबांचा हात आपोआप पाठीमागे जाई. मग शेवट ठरलेला: "पाणी मागायचं नसतं. पाण्यात उतरायचं असतं." टाळ्या पडत, आणि मग चहा आणि उस्मानिया बिस्किटं.

मी ही गोष्ट पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. मला ती आवडायची आणि तिचा कंटाळाही यायचा. माझी मुलगी चौदा वर्षांची. मराठी ती अक्षर लावत लावत वाचते, 'क्ष' आला की थांबते आणि माझ्याकडे बघते. पण आजोबांच्या विहिरीवर तिनं शाळेत इंग्रजीतून निबंध लिहिला आणि तिला बक्षीस मिळालं. बाबांनी तो निबंध काचेच्या चौकटीत घालून हॉलमध्ये टांगला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो वाचावाच लागे. गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्यानंही एकदा वाचला होता.

घरात आणखी एक माणूस होतं, आत्या. बाबांची मोठी बहीण, दोन वर्षांनी मोठी, वय शहात्तर. सरकारी दवाखान्यात आयाची नोकरी करून निवृत्त झालेली, नवरा लवकर गेलेला, मला वाढवण्यात अर्धं आयुष्य घातलेली. गोष्ट चालू असली की ती काहीतरी निवडत असायची, लसूण किंवा मेथी. कधी मान हलवली नाही, कधी हं म्हटलं नाही. मला वाटायचं, तिलाही माझ्यासारखाच कंटाळा येत असेल.

अंदमानची सहल मुलीनं शोधून काढली. हैदराबादेतून विमान सरळ जातं, आणि तिथे एका दिवसाची एक सफर होती: सकाळी जंगल, दुपारी प्रवाळाचे मासे, संध्याकाळी परत. लहान ग्रुप, सहाच माणसं. माझ्या नवऱ्यानं ऑफिसचं निमित्त काढून स्वतःची सुटका करून घेतली. राहिलो आम्ही चौघं.

फोनवर फॉर्म आला. मुलगी सोफ्यावर आडवी पडून भरत होती. प्रत्येकाचं नाव, वय, रक्तदाब, आणि मग एक रकाना: पोहता येतं का. माझ्या नावापुढे तिनं 'नो' टाकलं, मला न विचारता, आणि ते बरोबरच होतं.

"आजोबा, स्विमिंग?"

"एक्सपर्ट लिही," बाबा म्हणाले.

"एक्सपर्ट असं ऑप्शन नाही. 'व्हेरी वेल' आहे."

"तेच लिही. आणि खाली रिमार्कमध्ये एक्सपर्ट लिही."

समोर आत्या लसूण सोलत बसली होती. तिनं एकदा बाबांकडे पाहिलं. पाकळी हातात तशीच राहिली. मग ती पुन्हा सोलायला लागली. मुलीनं आत्याच्या नावापुढे 'नो' टाकलं आणि फोन ठेवून दिला. हे सगळं मी पाहिलं, आणि त्यात मला काही वावगं दिसलं नाही. हे मुद्दाम सांगून ठेवते.

त्यानंतर बाबांचं वागणं बदललं. रोज अफझलगंजच्या मोठ्या लायब्ररीत जाऊन पेपर वाचणारा माणूस आता दुपार दुपार तिथेच राहायला लागला. एकदा धुवायला टाकण्याआधी त्यांच्या शर्टाचा खिसा मी तपासला तर चौघडी घातलेला कागद निघाला. त्यावर पेनानं काढलेली माणसं होती, आडवी, हात वेगवेगळ्या दिशांना. खाली बाबांचं सुबक अक्षर: 'श्वास तोंडाने. पाय ताठ नकोत. घाबरू नये.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

दुसऱ्या दिवशी बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. बाबा बनियनवर, गुडघे टेकून, बादलीत तोंड बुडवून बसले होते. बाहेर मुलगी मोबाइलवर सेकंद मोजत होती. "आजोबा ट्रेनिंग करतायत," ती कौतुकानं म्हणाली. अकरा सेकंदांनी बाबा वर आले, खोकले आणि म्हणाले, "बादली लहान पडते."

म्हणजे मला कळलं होतं. पट्टीचा पोहणारा माणूस चित्रं उतरवून आणत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पन्नास वर्षांची गोष्ट, टाळ्या, चौकटीतला निबंध, सगळं एका बोटीवर जाऊन बसणार होतं, आणि समोर ती पोर, जिला जगात आजोबांइतकं शूर कुणी वाटत नव्हतं. मी बाबांना बाजूला घेऊन म्हटलं, "फॉर्म बदलता येतो. अजून वेळ आहे."

"कायकू बदलायचा?"

"तुमचं वय झालंय म्हणून सांगू."

"नक्को टेन्शन घेऊ," बाबा म्हणाले, आणि नजर चुकवून बाल्कनीत गेले. खरं सांगायचं तर पुढे बोलायची माझी हिंमत झाली नाही.

सफरीच्या दिवशी सकाळी सातला आम्ही बोटीत होतो. आम्ही चौघं आणि वरंगळचं एक नवविवाहित जोडपं, ज्यांनी जंगल, समुद्र आणि आम्हाला दिवसभरात पाहिलंच नाही, फक्त एकमेकांचे फोटो काढले. गाइड पन्नाशीची बाई होती, ठेंगणी, गळ्यात शिट्टी. तिनं पहिल्याच मिनिटाला आमच्याकडची चकलीची पिशवी जप्त केली. बेटावर खाणं न्यायचं नाही, कचरा नाही, पानसुद्धा तोडायचं नाही. आत्या मला म्हणाली, "ही बाई आपल्या वॉर्डात मेट्रन पाहिजे होती."

जंगलात बाबा खूश होते. जमीन होती ना. झाडं इतकी उंच की वर बघितलं तर चष्मा पडायचा, खाली ओली माती, अंगाला चिकटणारी हवा. गाइड काही दाखवायच्या आत बाबा आम्हाला त्याची माहिती देत होते, बहुतेक चुकीची. एका निसरड्या उतारावर ते बसले आणि बसल्या बसल्याच दहा फूट खाली गेले. उठून म्हणाले, हा रस्ता जवळचा आहे.

मग खाडी लागली. चिखलातून खारफुटीची मुळं वर आलेली, आणि एक पाटी: मगरींपासून सावध राहा. बाबांचा चेहरा उजळला. मी तो चेहरा ओळखते, बंदमुळे सुट्टीची बातमी आल्यावर त्यांचा असाच व्हायचा.

"मगर तिकडं प्रवाळाजवळ पण येत असेल," त्यांनी गाइडला विचारलं.

"नहीं चाचा, उधर नहीं आता."

"कधीतरी येत असेल."

"कभी नहीं."

"एखादी?"

गाइडनं त्यांना नीट न्याहाळलं. मग तिनं हातातल्या कागदावर पाहिलं. "चाचा, आपके फॉर्म में तो एक्सपर्ट लिखा है."

"हौ," बाबा म्हणाले, आणि पुढे चालायला लागले. त्यानंतर जंगलाबद्दल त्यांनी काही माहिती दिली नाही.

दुपारी बोट प्रवाळाच्या कडेला थांबली. पाणी असं स्वच्छ की तळ हाताला लागेल असं वाटावं. गाइड म्हणाली, चार माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढं खोल आहे. खाली पिवळं, जांभळं, तपकिरी काहीतरी पसरलेलं, आणि त्यात मासे. आत्यानं कठड्यावरून वाकून विचारलं, "अंगठीत घालतात ते पोवळं हेच का?" मी म्हटलं, त्याच्याच जातीतलं. "मंगळाला भ्यायचं आणि हे बिचाऱ्याचं घर फोडायचं," ती म्हणाली. ज्योतिषांवर आमच्या घरात सगळ्यांचाच राग आहे.

लाइफ जॅकेट सगळ्यांनाच होतं. ते ऐकून बाबांनी मोठा श्वास सोडला. पण गाइड पुढे म्हणाली, पोहता येणाऱ्यांनी इथूनच, बोटीवरून उतरायचं. न येणाऱ्यांना ती पलीकडे उथळात नेणार, रिंग धरून. मुलगी अपार्टमेंटच्या पूलमध्ये पोहायला शिकलेली, ती तर कधीच पाण्यात होती. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिनं वर धरला होता.

"आजोबा, कम ऑन. व्हिडिओ ऑन आहे. आधी विहिरीची स्टोरी सांगा, मग जंप."

बाबा शिडीवर तिसऱ्या पायरीपर्यंत उतरले. पाणी गुडघ्याला लागलं. तिथे ते थांबले. काचेचा मुखवटा कपाळावर, नळी गालावर लोंबणारी, दोन्ही हातांच्या बोटांची पेरं पांढरी. गोष्ट त्यांनी सुरू केली नाही. गाइड शिट्टी हातात धरून वाट बघत होती. जोडपंसुद्धा फोटो काढायचं थांबलं.

"आजोबा?"

"पाणी बघतोय," बाबा म्हणाले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की यांना पोहता येत नाही, बारा वर्षांचे होते तेव्हाही येत नसेल, वर घ्या त्यांना. मला त्यांची लाज वाटत होती आणि फार दया येत होती, दोन्ही एकदम. मग बाबांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, आत्याकडे. आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, "अक्का."

आत्या उठली. चपला काढून बाकाखाली ठेवल्या, एकाशेजारी एक. चष्मा माझ्या हातात दिला. पंजाबी ड्रेसची ओढणी काढून तिची घडी घातली आणि तीही मला दिली. मी म्हटलं, "आत्या, तू कुठे?" तोवर ती कठड्यावर चढली होती. पुढच्या क्षणाला तिनं गुडघे पोटाशी घेतले आणि शहात्तर वर्षांची माझी आत्या गोळा होऊन पाण्यात पडली. आम्ही सगळे भिजलो.

गाइडनं शिट्टी फुंकली. "अम्मा का तो नो लिखा है! किसने लिखा?"

आत्या वर आली. केस तोंडावर, डोळे मिटलेले. हात मारत ती बोटीभोवती फिरली, मान वर, पायांनी पाणी मागे लोटत, विहिरीत पोहणारी माणसं पोहतात तशी. एक फेरी. दुसरी. जॅकेटमुळे बुडी मारता येईना म्हणून तिनं जॅकेटला दोन शिव्या दिल्या. तिसरी फेरी पुरी करून ती शिडीपाशी आली आणि बाबांपुढे तरंगत राहिली.

"ये," ती म्हणाली. "तवा कपडे राखत बसलास. आता ये. वर कोणी यायचं नाही."

बाबांनी एक हात सोडला. मग दुसरा. तिनं त्यांना मानेखाली धरलं, दवाखान्यात रोग्याला धरत असेल तसं, आणि त्यांना पाण्यावर आडवं केलं. "पाय सैल सोड. मी हाय." थोड्या वेळानं त्यांनी मुखवटा खाली ओढला आणि तोंड पाण्यात घातलं. अकरा सेकंदांपेक्षा खूप जास्त. आत्याचा एक हात त्यांच्या जॅकेटच्या पट्ट्यात होता, शेवटपर्यंत. बाबा वर आले तेव्हा नळी तोंडातून काढून म्हणाले, "अक्का, खाली लई गर्दी आहे. एक हिरवा मासा दगड चावतोय, त्याचा कुरकुर आवाज येतोय."

"मला बी बघू दे की," आत्या म्हणाली. तिच्यासाठी मुखवटा काढूनच ठेवला नव्हता, कारण फॉर्मवर तसं लिहिलं होतं. गाइडनं स्वतःचा काढून दिला.

परतीच्या बोटीत मुलगी आजोबांपासून लांब बसली. बराच वेळ ती पिशवीतल्या फोनकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "आजोबा, यू लाइड. माझ्या निबंधात सगळं खोटं आहे."

बाबा टॉवेल डोक्यावर घेऊन बसले होते. बोलली आत्या.

"सगळं नाही," ती म्हणाली. "ओढ्याच्या डोहात म्हशी धुवायला मी जायची. शेपटीला धरून धरून पोहायला शिकले. विहिरीत उडी मीच घेतली. हा काठावर माझे कपडे राखत होता. माणसं आली तवा मी पायऱ्यांच्या आड पाण्यात. यानं काय केलं, माझे कपडे पाठीमागं लपवले आणि म्हणाला, मीच उतरलो होतो. अंग कोरडं ठाक होतं याचं. तरी कोणी बघितलं नाही. मारलं."

बोटीचं इंजिन चालू होतं. तिनं ओल्या केसांचं पाणी पिळलं.

"घरी आमच्या बापानं सांगितलं, हेच खरं म्हणायचं. पोरीचं नाव निघालं तर लग्न व्हायचं नाही. मार यानं खाल्ला, पोहायचं मी पोहले. नंतर सांगता सांगता हा बी पोहायला लागला."

"पण आत्याआजी, तू कधी सांगितलं का नाही?" मुलगी म्हणाली. "लग्न तर झालं ना तुझं. किती वर्षं झाली."

"कोणी विचारलंच नाही," आत्या म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. "परवा तू फॉर्म भरला, तवा बी नाही."

मुलीनं मान खाली घातली. मीही घातली. मी कचेरीत बायकांच्या तक्रार समितीवर आहे, सभांमध्ये तावातावानं बोलते. आत्याच्या हाताखाली मी चाळीस वर्षं वाढले आणि तिला काय काय येतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. बाबांचा मला राग आला होता, तो बोटीत कुठेतरी माझ्यावरच उलटला.

घरी आल्यावर बाबांनी स्वतः निबंधाची चौकट भिंतीवरून उतरवली. आत्या म्हणाली, "काच चांगली आहे, टाकू नको." मुलीनं नवा निबंध लिहायला घेतला आहे. ती रोज आत्यापाशी बसते आणि प्रश्न विचारते. आत्या वैतागून म्हणते की एवढे प्रश्न तर पोलीसही विचारत नाहीत, आणि मग तासभर बोलते.

तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस आला तेव्हा बाबांनी सकाळी इस्त्रीचा सदरा घातला, काढला, दुसरा घातला. मला वाटलं, या वर्षी ते जाणार नाहीत. गेले. विहारात नेहमीची गर्दी होती, पुढे म्हातारी मंडळी, मागे मोबाइलवाली पोरं. आत्या शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. बाबांचं नाव पुकारलं गेलं. ते माइकपाशी गेले आणि सवयीनं त्यांचा हात पाठीकडे गेला. तिथेच राहिला.

"मी बारा वर्षांचा होतो," ते म्हणाले.

पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. सगळ्यांना पुढचं वाक्य पाठ होतं.

"मोठ्यानं बोल," मागून आत्या म्हणाली. "इकडं ऐकू येत नाही."

बाबांनी माइक तोंडाजवळ ओढला.

"मी बारा वर्षांचा होतो," ते म्हणाले, "आणि कपडे राखत होतो."